घरी बनवलेल्या कार्टला सस्पेन्शन: शॉकर सगळ्यात शेवटी

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "काका, आम्ही मित्रांनी पल्सर १५०चं इंजिन लावून गो-कार्ट बनवली आहे. एक इंची पाइपची चासी, मागे सरळ ॲक्सल, सस्पेन्शन नाही. डांबरावर मस्त पळते. कंपेलजवळ मामांचं शेत आहे, तिथे नेली तर हाडं खिळखिळी झाली आणि सीटच्या ब्रॅकेटपाशी पाइपला तडा गेला. आता कबाडीकडून ११० सीसीच्या चिनी क्वाड बाइकचे पुढचे ए-आर्म (चाक चासीशी जोडणारे, वर-खाली हलणारे हात), नकल (स्टिअरिंगसोबत वळणारा चाकाचा आधार), हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि चार शॉकर मिळालेत. पुढचे आर्म तात्पुरते वेल्ड करून पाहिले, तर खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप वळतं. शॉकर बदलू का? चांगले गॅसचे बघून ठेवलेत. आणि मागे काय करू?"

शॉकर बदलू नकोस. निदान आत्ता तरी नको. पाइपला गेलेला तडा आणि आपोआप वळणारं स्टिअरिंग, दोन्हींचा शॉकरशी काडीचा संबंध नाही. माझ्याकडे कार्ट घेऊन येणारी बहुतेक मुलं हेच उलटं करतात. आधी चकचकीत शॉकर येतात, मग ते कुठे बसतील ते शोधलं जातं आणि चासीचा विचार तडा गेल्यावर होतो. क्रम असा हवा: आधी चासी, मग आर्म आणि स्टिअरिंगची मापं, शॉकर सगळ्यात शेवटी.

कार्टची चासी मुळात कशी काम करते ते आधी समजून घे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली ती गवत कापायच्या मशिनचं इंजिन लावून. त्यात सस्पेन्शन नव्हतं आणि आजच्या रेसिंग कार्टलाही ते नसतं. डिफरेन्शियलही, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर, एकाच वेगाने फिरतात. अशी गाडी वळावी कशी? स्टिअरिंग फिरवलं की कास्टर आणि किंगपिनच्या तिरकेपणामुळे (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या मागे आणि आत असलेल्या कलामुळे) आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चासी थोडी पिळवटते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून हलकं होतं. म्हणजे कार्टची चासी हीच तिची स्प्रिंग. ती लवचीक असते, कारण तिला लवायचंच असतं.

आता याच चासीवर तू ए-आर्म लावतोस. शेतातला धक्का चाकाकडून आर्मवर आणि आर्मवरून पाइपवर येतो. पाइप शॉकरपेक्षा आधी वाकतो, म्हणून शॉकर दबतच नाही. धक्का गिळायचं काम पाइपच करतो आणि काही दिवसांनी वेल्डच्या कडेला तुटतो. तुझा तडा वेल्डमध्ये नसेल, वेल्डच्या शेजारी चार-पाच मिलिमीटरवर असेल. बघ आणि सांग. तिथे उष्णतेने पाइपचा पोत बदललेला असतो आणि इंजिनाचा थरथराट नेमका तिथेच जमा होतो. तिथे वरून पुन्हा वेल्ड मारलास तर तडा आणखी पुढे सरकेल.

म्हणून सस्पेन्शन लावायचं ठरलं की चासी कडक झालीच पाहिजे. तुझी सध्याची चौकट सपाट आहे, एक मजली. तिच्यात कितीही आडवे पाइप टाकलेस तरी पिळवटणं थांबत नाही. तिला उंची दे. वर दुसरी चौकट घाल, दोन्हींमध्ये तिरके पाइप घालून त्रिकोण कर आणि वर रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा पिंजरा, आण. पीथमपूर तुझ्या घरापासून फार लांब नाही. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रावर २००७पासून बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा झाली आहे आणि देशभरातल्या कॉलेजांची पोरं अशाच गाड्या घेऊन तिथे आली आहेत. त्या नियमांतला मुख्य पाइप लक्षात ठेव: बाहेरचा व्यास २५ मिमी, भिंत ३ मिमी, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. खेळण्यापुरत्या गाडीलाही तेवढाच धर. सियागंजात "एक इंची पाइप" एवढंच मागितलंस तर फर्निचरचा पातळ पाइप हातात पडेल. सीमलेस माग, भिंतीची जाडी स्वतः व्हर्नियरने मोज. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर घेऊच नकोस. त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो त्याने ताप भरतो आणि वेल्डही भुसभुशीत होतं.

जोडांबद्दल एकच सांगतो. पाइपचं टोक दुसऱ्या पाइपच्या गोलाईवर नीट बसेल असं कापून घे. खाच उघडी राहिली की वेल्डर ती रॉडने भरून काढतो, वरून ग्राइंडर मारतो आणि जोड दिसायला सुंदर होतो. असा सुंदर जोड पहिल्या उडीत सुटतो. जुन्या चासीतला जो भाग ठेवणार असशील त्याची डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंगाने तडा शोधायची चाचणी) कर. तीन डबे मिळतात. आधी क्लीनर, मग लाल रंग मारून थोडा वेळ थांबायचं, पुसायचं आणि वरून पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डोळ्यांना दिसत नाहीत असे तडे सापडतात.

चासी झाली की ती पुरेशी कडक आहे का ते घरीच तपासता येतं. मागचे दोन्ही कोपरे आणि पुढचा एक कोपरा स्टँडवर पक्का बांध, चौथा मोकळा ठेव. मोकळ्या कोपऱ्यावर २० किलो वजन टांग आणि कोपरा किती खाली जातो ते मोज. दोन-तीन मिमी गेला तर उत्तम. दहा-पंधरा गेला तर ती चासी अजून कार्टच आहे, तिला आणखी तिरके पाइप हवेत. हे आकडे कुठून आले ते पुढे स्प्रिंगच्या हिशेबात कळेल.

आता स्टिअरिंग. तुझ्या प्रश्नातला खरा मुद्दा हाच आहे.

कार्टमध्ये स्टिअरिंगच्या दांड्याखाली मधोमध एक पट्टी असते आणि तिच्यापासून दोन लांब टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. चाकं वर-खाली होत नव्हती तोवर ते चालत होतं. आता चाक आर्मसोबत एका कमानीत वर जातं आणि टाय रॉडचं टोक दुसऱ्या कमानीत. क्वाडचे आर्म साधारण २८० मिमी धरू, टाय रॉड ४५० मिमी, दोन्ही आडवे. चाक ७५ मिमी वर गेलं की आर्मचं टोक १० मिमी आत ओढलं जातं, टाय रॉडचं जेमतेम ६. हा ४ मिमीचा फरक नकलच्या स्टिअरिंग आर्मवर येतो. तो ८० मिमीचा असेल तर चाक जवळजवळ ३ अंश वळतं, तू स्टिअरिंगला हात न लावता. यालाच बम्प स्टिअर म्हणतात. शॉकर कडक केलास तर चाक कमी हलेल आणि दोष झाकला जाईल, पण मग सस्पेन्शन लावलं कशासाठी?

उपाय मापातच आहे. टाय रॉड खालच्या आर्मच्या समांतर, तेवढ्याच उंचीवर आणि तेवढ्याच लांबीचा हवा. म्हणजे त्याचं आतलं टोक आर्मच्या आतल्या बुशांच्या (आर्म ज्यांच्यावर फिरतो त्या नळ्यांच्या) रेषेवर आलं पाहिजे आणि बाहेरचं टोक बॉल जॉइंटच्या (आर्म आणि नकल जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याच्या) रेषेवर. मधली पट्टी हे देऊ शकत नाही, कारण तिथे दोन्ही टोकं गाडीच्या मध्यावर येतात. म्हणून रॅक लागतो, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दात्यांचा दांडा. बाहाची पोरं बऱ्याचदा मारुती ८००चा रॅक कापून आखूड करतात. जड आहे, पण कबाडात मिळतो आणि दणकट असतो. लेथवाल्याकडून रॅकच्या दोन्ही टोकांना अशा लांबीचे तुकडे लावून घे की आतल्या दोन सांध्यांमधलं अंतर आर्मच्या आतल्या बुशांमधल्या अंतराएवढं येईल. रॅक आधी फक्त बोल्टने, लांबट भोकांच्या प्लेटवर बसव. वेल्ड नंतर.

बसवल्यावर मोजायचं असं. चारही शॉकर काढून टाक, चासी स्टँडवर पाणसळ लावून समतल कर, स्टिअरिंग सरळ करून बांधून टाक. पुढच्या हबवर टायरऐवजी ५०० मिमी लांबीची प्लायवूडची सरळ पट्टी बोल्टने लाव. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकासमोर एकेक खिळा उभा कर, जमिनीवरच्या लाकडी ठोकळ्यात ठोकलेला. माणूस गाडीत बसल्यावर चाक ज्या उंचीवर असतं तिथे ते ठेवून दोन्ही फटी मोज. मग नकलखाली जॅक लावून २५-२५ मिमीने वर चढव, प्रत्येक वेळी दोन्ही फटी लिहून ठेव. मग तसाच खाली उतर. आर्म कमानीत फिरतो म्हणून दोन्ही फटी बदलणारच, पण दोन्ही सारख्या बदलल्या पाहिजेत. पुढची आणि मागची यांच्यात जो फरक पडतो तोच बम्प स्टिअर. आजच्या मांडणीत पूर्ण चालीवर २५ मिमीच्या आसपास फरक सापडेल. रॅक काही मिलिमीटर वर-खाली सरकवत तो ३ मिमीच्या आत आण. यात एक अख्खी दुपार जाते आणि सोबतचे मित्र कंटाळून पोहे खायला निघून जातात. तू बस. ही दुपार वाचवलीस तर कोणताही शॉकर ती भरून देणार नाही.

याच बैठकीत दुसरंही बघून घे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाक पूर्ण वर ने. टायर आर्मला घासतो का, टाय रॉड कुठे अडतो का, बॉल जॉइंट तिरका होऊन त्याची मान कडेला टेकते का? चाक पूर्ण खाली लोंबतानाही हेच. खालची हद्द शॉकरने किंवा पट्ट्याने ठरली पाहिजे. बॉल जॉइंटने ठरवू दिलीस तर एक दिवस त्याची मान मोडेल आणि चाक गाडीखाली येईल. कास्टर ५ ते ८ अंश ठेव, कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग, एखाद अंश आत झुकलेला. त्यापुढच्या बारकाव्यांना शेतातल्या ढेकळांवर अर्थ नाही.

कबाडातले आर्म वापरण्याआधी सरळ टेबलावर ठेव. चारही बिंदू टेकले नाहीत तर तो आर्म कुणीतरी आधी ठोकलेला आहे. बुशमध्ये बोल्ट घालून हलव. खुळखुळत असेल तर लेथवर नायलॉनचे नवे बुश कर, स्वस्तात होतात. टाय रॉडला रॉड एंड (आट्यांच्या दांड्याच्या टोकावर गोळी असलेला सांधा) वापरत असशील तर बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार दे आणि बाहेर मोठं वायशर घाल, म्हणजे गोळी निसटली तरी रॉड सुटून पडत नाही. आर्मच्या बाहेरच्या टोकाला मात्र रॉड एंड लावू नकोस. त्याच्या आट्यांवर वाकवणारा जोर आला की तो आट्यांपाशीच मोडतो.

आता शॉकर. गाडी बसणाऱ्यासकट २४० किलो धरू. पुढे ४० टक्के, म्हणजे पुढच्या एका चाकावर ४८ किलो. त्यातून चाक, हब, नकल यांचे ८ किलो वजा केले की स्प्रिंगवर ४० किलो. चाकाची एकूण चाल १५० मिमी असेल तर नुसतं बसल्यावर त्यातली एक तृतीयांश, ५० मिमी, खर्ची पडू दे. चाकाला खाली जायलाही जागा हवी, नाहीतर प्रत्येक खड्ड्यावर ते हवेत लटकेल. ४० किलो म्हणजे साधारण ३९० न्यूटन. भागिले ५०, म्हणजे चाकापाशी मिलिमीटरला ८ न्यूटन. मघाशी टांगलेलं २० किलो या स्प्रिंगला २५ मिमी दाबेल. चासी त्याच वजनाने दोन-तीन मिमीच हलली तर दबायचं काम स्प्रिंगच करते आहे. ते आकडे इथून आले.

पण शॉकर चाकावर नसतो, आर्मवर मधेच कुठेतरी तिरका असतो. २८० मिमीच्या आर्मवर आतल्या बुशापासून १९५ मिमीवर तो लागला आणि उभ्या रेषेपासून ३० अंश कलला, तर चाक १० मिमी हललं की शॉकर ६ मिमी दबतो. हे गुणोत्तर ०.६. स्प्रिंगच्या हिशेबात त्याचा वर्ग येतो, ०.३६. म्हणून ८ भागिले ०.३६, म्हणजे स्प्रिंग सुमारे २२ न्यूटन प्रति मिमीची हवी. शॉकर दोन इंच आत सरकवला किंवा आणखी झोपवला तर तीच स्प्रिंग एकदम मऊ वाटू लागते, ती या वर्गामुळे. पोरं ब्रॅकेट हलवतात आणि मग म्हणतात स्प्रिंग थकली.

तुझ्याकडच्या स्प्रिंगचा जोर किती, हे विकणारा सांगणार नाही. मोजून घे. शॉकरवरून स्प्रिंग उतरवताना कॉम्प्रेसर वापर, दोरीने किंवा तारेने बांधून खोलू नकोस. मोकळी स्प्रिंग बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभी कर आणि उभ्या ड्रिल मशिनचा दांडा, मशिन बंद ठेवून, खाली ओढून वरून २५ मिमी दाब. काटा ५६ किलोच्या आसपास आला तर ती २२ न्यूटनची. ८० दाखवला तर पुढे फार कडक. दांडा हाताने घट्ट धर आणि चेहरा बाजूला ठेव.

शॉकरच्या क्रोमच्या दांड्यावरून नख फिरव. खडबडीत लागलं किंवा तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर सील गेलं आहे. हे स्वस्त शॉकर बहुतेक दोन नळ्यांचे असतात आणि त्यांत तेल-हवा एकत्र असते. ते उलटे लावायचे नाहीत, फार आडवेही नाहीत, नाहीतर वाल्व्हमध्ये हवा शिरते आणि शॉकर नुसती स्प्रिंग होऊन बसतो. तू बघितलेले गॅसचे चांगलेच असतील, पण त्यांचा फरक मापं जुळल्यावरच कळतो.

मागे स्वतंत्र सस्पेन्शनच्या फंदात पडू नकोस. त्यासाठी डिफरेन्शियल, हाफ शाफ्ट (प्रत्येक चाकाकडे जाणारा वेगळा दांडा) आणि चार सीव्ही जॉइंट (तिरकं होऊनही फिरणारे सांधे) लागतात. पुढे कधी करायचंच झालं तर तीनचाकी महिंद्रा अल्फाचा गिअरबॉक्स बघ, बाहाच्या कितीतरी गाड्या त्यावर धावल्या आहेत. आत्ता मात्र सरळ ॲक्सल ठेव आणि तो एका रुंद, दणकट स्विंगआर्मवर, म्हणजे पुढच्या टोकाभोवती वर-खाली झुलणाऱ्या चौकटीवर, बसव. स्पोर्ट क्वाडमध्ये हेच असतं. यात एक छुपा फायदाही आहे. असा स्विंगआर्म वर-खाली होतो, पण कलत नाही. त्यामुळे वळताना मागे आतलं चाक लवकर हलकं होतं आणि डिफरेन्शियल नसलेला ॲक्सल वळू शकतो. म्हणजे जे काम कार्टची लवचीक चासी करत होती, ते आता स्विंगआर्म करतो.

स्विंगआर्मचा पिव्हट (तो जिथे झुलतो तो बिंदू) इंजिनाच्या स्प्रॉकेटच्या जितका जवळ येईल तितका आण. लांब गेला की चाक वर-खाली होताना चेन ताणते, सैल पडते आणि उतरते. चेनचा ढील ठरवताना पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि ॲक्सल एका रेषेत येतील इतकं चाक उचल. चेन तिथेच सगळ्यात जास्त ताणलेली असते. त्या जागी १५-२० मिमी ढील असू दे. गाडी सपाटीवर उभी असताना चेन लोंबताना दिसेल, दिसू दे. ॲक्सलच्या बेअरिंगना बाजारातली बिडाची पिलो ब्लॉक घरं चालणार नाहीत, एका उडीत फुटतात. स्टीलची घरं खरादून घे.

मागच्या स्प्रिंगचा हिशेब तसाच. मागे १४४ किलो, त्यातून ॲक्सल, चाकं, स्प्रॉकेट, डिस्क वगैरे ३४ किलो वजा, राहिले ११०. त्याच ५० मिमीच्या हिशेबाने ॲक्सलपाशी एकूण मिलिमीटरला २२ न्यूटन लागतात. दोन शॉकर ०.७ गुणोत्तराने लावलेस तर प्रत्येकी पुन्हा २२चीच स्प्रिंग येते. म्हणजे चारही सारखे शॉकर चालतात. तुझे चार एकाच जातीचे असतील तर नशीबवान आहेस.

ब्रेक: मागच्या ॲक्सलवर एक डिस्क दोन्ही चाकं थांबवते, पण उतारावर पुढेही हवेत. होज लावताना चाक पूर्ण खाली आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं ठेवून लांबी घे.

उंचीचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. तुझ्या आजच्या कार्टचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २५० मिमीवर असेल, चाकांमधलं अंतर ११००. अर्धं अंतर भागिले उंची, म्हणजे २.२. नवी गाडी ५००वर जाईल. अंतर १२०० केलंस तरी आकडा १.२ येतो. मोकळ्या मातीत ती घसरेल, पण नांगराच्या सरीत चाक अडकलं की सरळ आडवी होईल. रेसिंग कार्टमध्ये पट्टा नसतो. रोलकेज आला की पट्टा आलाच, किमान चार बिंदूंचा. केज आहे आणि पट्टा नाही, तर माणूस उलटताना अर्धा बाहेर जातो आणि केज त्याच्यावरच पडतो. मामांच्या लहान मुलांना मांडीवर घेऊन फिरवायचं नाही, कितीही हट्ट केला तरी.

आणि शेतापर्यंत ती टेम्पोतून ने. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ३९प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणता येत नाही आणि घरगुती गाडीची नोंदणी होत नाही. "गल्लीतल्या गल्लीत" हाही रस्ताच.

टायरमध्ये हवा ५ पीएसआयच्या आसपास. क्वाडचे टायर एवढ्यावरच चालतात, ते स्वतःच अर्धं सस्पेन्शन आहेत. पंक्चरवाला "टाइट कर दूँ भिया?" म्हणून सवयीने ३० भरेल आणि तुझा सगळा हिशेब चेंडूसारखा उडेल. कमी दाबाचा गेज वेगळा मिळतो, तो घे आणि पायपंपाने स्वतः भर. काळी माती ओली असताना पहिली चाचणी घेऊ नकोस. चाकं भरून जड होतात आणि काहीच कळत नाही. मुरमाचा कोरडा तुकडा शोध.

पहिल्या फेरीआधी प्रत्येक बोल्टवर आणि त्याखालच्या प्लेटवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढ; नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. प्रत्येक शॉकरच्या दांड्यावर सीलला टेकवून एक झिप टाय हलकासा बांध. फेरी मारून आलास की झिप टाय जिथे सरकून थांबला असेल तिथपर्यंत शॉकर दबला. सगळ्यात मोठ्या खड्ड्यानंतरही दांड्याचा तिसरा हिस्सा कोरा राहत असेल तर स्प्रिंग कडक आहे. प्रत्येक फेरीत टाय तळाशी जात असेल तर आधी प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून बघ, मग स्प्रिंग. ते आकडे लिहून पाठव, गॅसच्या शॉकरचं त्यानंतर बोलू.